पाच वेळा व्हय

आत्या, दवाखान्यात तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती आणि मी उत्तर दिलं नाही. 'घरी गेल्यावर सांगते' म्हणाले. तुम्ही घरी आलात त्या ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत. आज सोळावा दिवस. तेरावं झालं, पाव्हणेरावळे गेले, मंडपवाला आपल्या सतरंज्या घेऊन गेला, आणि उत्तर माझ्यापाशीच राहिलं. तुमची सून सुनंदा, तुमची 'मास्तरीण', जिचं तोंड लई चालतं म्हणून तुम्ही अख्ख्या मुकुंदवाडीला सांगत हिंडायचात, तिला एक वाक्य बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे काय मला माहीत नाही? तरी लिहिते.

लग्न होऊन देवगाव रंगारीला आले तेव्हा मी बारावी पास आणि तुम्ही अंगठा. पहिल्याच आठवड्यात माझी भाकरी तव्यावर तीन जागी फाटली. तुम्ही विचारलंत, "पुस्तकात भाकरी थापायचं लिव्हलंय का गं?" मी म्हणाले, "नाही." "मग येवढी वर्सं वाचलंस तरी काय?" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटलात. मलाही हसू आलं. त्या घरात मी पहिल्यांदा हसले ते तुमच्यामुळं. पुढं मामंजी वारले, शेत बटाईनं दिलं, तुमच्या लेकाला चिकलठाण्याला कंपनीत काम लागलं आणि आपण इथं दोन खोल्यांत राहायला आलो. मला बालवाडीत नोकरी मिळाली तेव्हा तुमच्या लेकानं दोन दिवस तोंड फुगवलं, आणि तुम्ही गल्लीत घरोघरी साखर वाटली. 'आमची मास्तरीण' म्हणत. ते मी विसरले नाही. काहीच विसरले नाही, हाच तर माझा त्रास आहे.

तुमच्या लेकानं पहिल्यांदा मारलं ते गावाकडं असतानाच, भाजी करपली म्हणून. खरं तर भाजीसाठी नाही, 'मग तुम्हीच करा' असं मी म्हणाले त्यासाठी. पाठीत दोन आणि दंडावर एक. तो बाहेर निघून गेल्यावर तुम्ही चुलीपाशी बसलात, तव्यावर जाडं मीठ भाजलंत, जुन्या लुगड्याच्या चिंधीत त्याची पुरचुंडी बांधलीत आणि माझ्या पाठीला शेक द्यायला लागलात. बोलला काहीच नाहीत. त्यालाही नाही, मलाही नाही. पोळू नये म्हणून पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचात. माझ्या आईनं कधी मला इतक्या मायेनं हात लावला नव्हता, आत्या. बाळंतपणातसुद्धा नाही.

त्यानंतर किती वेळा तो शेक घेतला, कोण मोजतंय. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आपण शहरात आल्यावर सगळे पिशवीतलं बारीक मीठ खायला लागले. जाडं मीठ स्वयंपाकात लागायचंच नाही. तरी तुम्ही ते आठवणीनं आणायचात, डबा कधी रिकामा होऊ दिला नाहीत. म्हणजे मार पडणारच, हे तुम्ही धरूनच चालला होतात. शेक देणारी तुम्ही होतात म्हणून मी उठून कामाला लागायचे, आणि उठून कामाला लागायचे म्हणून घरात सगळं ठीक आहे असं दिसायचं. ह्याचा राग येतो मला. आणि राग आला की तुमची बोटं आठवतात आणि मी रडत बसते.

आपली भांडणं काय थोडी झाली? एकदा तुमचा लेक कामावर गेल्यावर मी तुम्हाला धरलंच. तुम्ही मेथी निवडत होतात. म्हणालात, "कंपनीत त्याच्याहून ल्हान पोरगा सायेब झालाय. आईवरून बोलतो त्याला. माणसानं काढावा कुठं राग?"

मी म्हणाले, "मला पण मोठ्या बाई बोलतात बालवाडीत. मी येऊन कोणाला मारते?"

"बाईच्या हाताला ती सवय नाय."

"आणि त्याच्या हाताला कोणी लावली?"

तुम्ही मेथीची दुसरी जुडी सोडलीत. मग म्हणालात, "त्याच्या बापानं. मला मारायचे तवा ह्यो दाराआड हुबा ऱ्हायचा. बघून बघूनच शिकला." पोरगं विहिरीत पोहायला कसं शिकलं ते सांगावं इतक्या सरळ आवाजात सांगितलंत तुम्ही. मी म्हणाले, "मग तुम्ही तेव्हाच काही बोलायचं होतं." तर म्हणालात, "मला कोण इचारत व्हतं?" आणि उठून गेलात. ते भांडण तिथंच अर्धं राहिलं.

तुम्हाला कोणी विचारत नव्हतं. मला मात्र विचारलं. दहाएक वर्षं झाली असतील. ती सरकारी पाहणीवाली पोरगी आली होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हानं लालबुंद. लग्न झालेल्या बायकांना प्रश्न विचारायचे होते. तुम्ही तिला माठातलं पाणी दिलंत, गूळ दिलात, 'लेकरू कुठून कुठून हिंडतंय' म्हणालात. ती म्हणाली, "काकूंशी एकटीशी बोलायचंय, आजी." तुम्ही पाखडायला घेतलेलं तुरीच्या डाळीचं सूप उचललंत आणि आतल्या खोलीत गेलात. आतली खोली म्हणजे काय, मध्ये एक पडदा.

तिनं आधी वय, शिक्षण, पोरं किती असलं विचारलं. आतून तुमच्या पाखडण्याचा आवाज येत होता. मग ती टॅबकडं बघत, घाईघाईनं म्हणाली, "बायको न सांगता बाहेर गेली तर नवऱ्यानं तिला मारणं बरोबर आहे, असं तुम्हाला वाटतं का?"

आणि तुमचं सूप थांबलं.

मी म्हणाले, "हो."

"पोरांकडं दुर्लक्ष केलं तर?" हो. "स्वयंपाक बिघडला तर?" हो. "उलटून बोलली तर?" हो. आत चिडीचूप. शेवटचा प्रश्न ऐकून तर मला हसावं का रडावं कळेना. "सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही तर?" अगं बाई, सासू हातभर अंतरावर पडद्याआड श्वास धरून बसलीय, आणि मी काय 'नाही' म्हणू? तेही हो. त्या पोरीनं एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. बालवाडीत पोरांना मीच शिकवत होते, 'कोणी मारलं तर बाईंना सांगायचं'. आणि इथं पाच वेळा हो म्हणून मोकळी झाले.

भीतीनं म्हणाले असं नाही, आत्या. तुम्हाला कधीच घाबरले नाही मी. मला वाटलं, 'नाही' म्हणाले तर तुम्हाला लागेल. परक्या पोरीपुढं तुमच्या लेकाची अब्रू काढली असं होईल. आणि मला खरंच वाटायचं की तुमचं मत तेच आहे. तुमचंच काय, सगळ्यांचंच. हळदीकुंकवाला बसलो की गल्लीतल्या बाया काय बोलायच्या? 'आमचं येडं पण तसलंच हाय', आणि खिदळायच्या. मीही खिदळायचे. जिला सहन होत नाही अशी मी एकटीच असेन, माझ्यातच काही खोट असेल, असं वाटायचं.

पोरगी निघाली तेव्हा तुम्ही बाहेर आलात. "मला नाय इचारायचं का, बाय?" ती हसली, "आजी, तुमचं वय बसत नाही ह्यात." तर तुम्ही म्हणालात, "मार खायाला वय बसलं, सांगायाला बसत नाय व्हय?" आम्ही दोघी केवढ्या हसलो. पुढं मी तो किस्सा कितीदा तरी सांगितला, बालवाडीत, माहेरी. पण त्या पोरीनं विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरच्या दहा वर्षांत नाही.

त्याच्या पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी कमलताई पंचमीला आल्या. तुमची एकुलती एक लेक, कन्नड गावाच्या पलीकडं दिलेली. डावा हात गळ्यात बांधलेला. 'जीपमधून उतरताना पडले' म्हणाल्या. मी काय समजायचं ते समजले. तुम्हीही. पंचमीला लेकी झोका खेळतात, ही बाई भिंतीला टेकून बसून होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला आत घेऊन गेलात, पडदा ओढलात आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिलात. बाहेर आलात तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि तुमचा चेहरा दगडासारखा. मला म्हणालात, "वटीचं सामान काढ." मी काढलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. मीच तिची ओटी भरली, मीच तिला कन्नडच्या बसमध्ये बसवून आले. आत काय बोलणं झालं ते विचारलं नाही. मायलेकीतलं आहे म्हटलं, आपण कशाला तोंड घालायचं.

मग एकदम ही गेल्या महिन्यातली गोष्ट. तुमच्या छातीत पाणी झालं होतं, दवाखान्यातला सहावा दिवस. दुपारी तुम्हाला जरा बरं वाटत होतं, मी उशाशी बसून तुमचे केस विंचरत होते. केस काय राहिले होते, मूठभर. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "सुनंदे, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा की."

"तुला लागत नव्हतं का गं?"

मला वाटलं विंचरताना गुंता ओढला गेला. म्हणाले, "हळूच विंचरते हो."

"तसं नाय. त्या टॅबवाल्या पोरीला म्हणलीस ना. व्हय, व्हय, व्हय. पाच डाव. मी आतून ऐकलं समदं." धाप लागली म्हणून थांबलात. मग म्हणालात, "मला वाटलं हुतं तू नाय म्हनशील. शिकल्याली हाईस. तू नाय म्हनली असतीस, तर म्या बी त्याला म्हनले असते, बाबा, हात लावायचा न्हाई हिला. पर तू व्हय म्हनलीस. मग म्हनलं, हिला चालतंय तर म्या कशाला मधी पडू?"

माझ्या हातातली फणी तशीच राहिली, आत्या. तुम्ही माझ्या 'नाही'ची वाट बघत होतात पडद्याआड! तेवढ्यासाठी सूप थांबवलं होतंत. आणि मी तुमच्यासाठी हो म्हणत होते.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. दोन शब्द तर होते. पण शेजारच्या खाटेवरची ती सिल्लोडची बाई कुशीवर वळून सगळं ऐकत होती, तिची सून डबा उघडायची थांबली होती. आणि मी, एवढी तोंडाळ बाई, पुन्हा तेच केलं. लोक ऐकतायत म्हणून गप्प बसले. वर रागही आला होता, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं गेली, पाठ गेली, आणि आता विचारताय? म्हणाले, "बोलू नका, धाप लागतेय. घरी गेल्यावर सांगते निवांत." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत आणि मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली चहा आणायला गेले तेवढ्यात तुम्ही गेलात. मी दोन चहा घेऊन वर आले होते.

तुमचा लेक लहान पोरासारखा रडला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला मी. तुमचाच हात असल्यासारखं वाटलं आणि मी तो काढून घेतला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि कमलताई अंगणात पातेली घासत होतो. भाड्याची, मोठाली, राखेनं हात काळे झालेले. शेवटी सांगून टाकलं. टॅबवाली पोरगी, पाच वेळा हो, दवाखाना, सगळं. म्हणाले, "आत्यांना वाटत राहिलं की मला चालत होतं. मला कधीच चालत नव्हतं, कमलताई."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "वहिनी, पंचमीला आई मला आत घेऊन गेली हुती, आठवतंय?"

"हो."

"मी म्हणले हुते, मला न्हाई जायचं परत. मरंन तिथं. तर आई म्हणाली, तुझी वहिनी बघ. तिला बी मारतो तुझा भाऊ. पर ती शिकल्याली बाई म्हनती, चुकलं तर मारावंच. तिला काय वाटत न्हाई. तुलाच काय एकलीला सोनं लागलंय?" त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं, उगाच, धुतलेल्या पातेल्यात. "मग मी कोणाकडं बघून गेले गं, वहिनी?"

राखेचे हात तसेच धरून आम्ही दोघी बसलो. तुमच्यावर ओरडावंसं वाटलं, आत्या. माझं खोटं उचलून तुम्ही तुमच्या पोटच्या पोरीला दिलंत! आणि लगेच वाटलं, खोटं कुणाचं होतं? माझं. तुम्ही तर मला खरी मानलंत. शिकलेली म्हणून, मास्तरीण म्हणून. तुमच्या आयुष्यात तुम्ही जिचं म्हणणं खरं मानलंत ती मी, आणि मीच तुम्हाला फसवलं. ओटी भरून बसमध्ये बसवून पण मीच आले.

काल तुमचे जावई जीप घेऊन आले. गल्लीतल्या चार बाया दारात, तुमच्या लेकाच्या कंपनीतले दोघं ओट्यावर. कमलताई आतून म्हणाल्या, "मी ऱ्हाते. मला यायचं न्हाई." जावई हसले, मग हसणं गेलं. "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "यायचंच न्हाई." चहाची कपबशी हातात तशीच धरून ते तुमच्या लेकाकडं बघायला लागले.

तुमचा लेक उठला. बहिणीला म्हणाला, "कमल, याड लागलं का? आईचं तेरावं होऊन दोन दिस झाले नाहीत. संसारात थोडंफार होतंच. हिला विचार." आणि माझ्याकडं बोट केलं. "इतकी वर्सं झाली, हिनं कधी तक्रार केली का? कधी म्हणाली का मला लागलं म्हणून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जावई, दारातल्या बाया, ओट्यावरचे दोघं. कमलताई दाराची चौकट धरून. सगळी कानात प्राण आणून उभी.

मी म्हणाले, "लागायचं."

तो म्हणाला, "काय?"

"प्रत्येक वेळी लागायचं. पहिल्या वेळेपासून. एकदा पण बरोबर नव्हतं." मी चौकटीपाशी जाऊन कमलताईंच्या शेजारी उभी राहिले. "कमलताई इथंच राहतील."

दारातल्या बायांमधली एक, हळदीकुंकवाला सगळ्यांत जास्त खिदळणारी ती, पदर डोळ्याला लावून खाली बसली. जावई कपबशी ठेवून गेले, पुन्हा येतो म्हणाले, चार माणसं घेऊन येतो. येतील. तुमचा लेक कालपासून माझ्याशी बोललेला नाही. पुढं काय होईल मला माहीत नाही, आत्या. भीती वाटतेय. कमलताई आत झोपल्यात, मी हे लिहितेय.

पण एकच गोष्ट मला खातेय. इतक्या लोकांसमोर जे बोलले, ते फक्त तुम्हाला ऐकायचं होतं. तुम्ही विचारलं होतं. हातातली फणी खाली ठेवून, तुमच्या कानाशी वाकून सांगितलं असतं, तर शेजारच्या खाटेलाही ऐकू गेलं नसतं.